चकतीखालची पेशी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि तोही उलटा. उलटा म्हणजे बिघडलेला नव्हे. तुमच्या शाळेतला सूक्ष्मदर्शक वरून खाली बघतो, मी खालून वर बघतो. माझा दिवा डोक्यावर आहे, भिंगं पोटाशी आहेत आणि बघायची ती बशी मधे असते. जिवंत पेशी बशीच्या तळाला चिकटून राहतात, त्यामुळे त्यांना खालूनच नीट बघता येतं. वरून बघणारे माझे भाऊबंद बहुतेक वेळा मेलेल्या, रंगवलेल्या पेशी बघतात. मी जित्याजागत्या बघतो. या गोष्टीचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं हाताने घासली. पुसायची, उजेडाकडे धरायची, पुन्हा घासायची, असं त्याने किती दिवस केलं ते मला आठवत नाही. मग मला गवताच्या पेंढीत गुंडाळून लाकडी खोक्यात घातलं आणि रेल्वेने जळगावला धाडलं.

माझी पहिली नोकरी केळीच्या रोपांच्या प्रयोगशाळेत होती. केळीच्या कंदाचा बारीकसा तुकडा बाटलीत वाढवून त्यातून शेकडो रोपं करायची, असा तिथला उद्योग. कामिनीमॅडम माझ्यावर काम करायच्या. वनस्पतीच्या पेशीला बाहेरून कडक भिंत असते. ती दोन व्हायला निघाली की जागची हलत नाही. एका खोलीत मधे भिंत घालून दोन खोल्या कराव्यात, तशी गुपचूप दोन होते. नऊ वर्षं मी तेच बघितलं. माझं कौतुकही फार झालं. पाहुणे आले की आधी मला दाखवत. एकदा रावेरकडचे बन्सीलालनाना नावाचे शेतकरी आले. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ माझ्यात बघितलं आणि विचारलं, "मॅडम, याच्यात घड किती किलोचा पडेल ते दिसतं का हो?" सगळे हसले. मला मात्र त्यांचा प्रश्न रास्त वाटला. बघायचं ते कामाचं असावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुढे पडद्यावर चित्र दाखवणारं नवं यंत्र आलं आणि मला टेबलाखाली ठेवलं. चार वर्षं माझ्या शेजारी रिकाम्या बाटल्या होत्या आणि एक मोडका टेबलफॅन होता. दर पावसाळ्यात माझ्या भिंगावर बुरशीचा एक धागा वाढायचा. मित्रांनो, बघणं हेच ज्याचं काम, त्याला हळूहळू दिसेनासं होणं म्हणजे काय असतं, ते मी त्या चार वर्षांत भोगलं. कोणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण कोणी काहीच म्हणत नव्हतं.

मग एके दिवशी मला धुळ्याच्या एका कॉलेजला देऊन टाकलं. टेम्पोतून पारोळ्यामार्गे मी धुळ्याला आलो. दुसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची खोली मला मिळाली. पश्चिमेची खोली म्हणजे काय चीज असते, ते धुळ्यात मे महिना काढलेल्या माणसालाच विचारा. तिथे हितेंद्रसर होते आणि त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी चारुलता होती. चारुलता भडगावची, गिरणाकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने माझं खोकं उघडलं, भिंगात डोकावली आणि म्हणाली, "सर, याला मोतीबिंदू झालाय." पुढचे तीन आठवडे ती रोज संध्याकाळी माझं एकेक भिंग काढून साफ करायची. चौथ्या आठवड्यात मला पुन्हा दिसू लागलं. त्या मुलीचे उपकार मी कसे विसरेन?

तिने माझ्या मानेवर एक छोटा कॅमेरा बसवला आणि बशीत केळीऐवजी माणसाच्या पेशी आणून ठेवल्या. त्या दोन जातींच्या होत्या. एक साधी, निरोगी. दुसरी तिचीच बहीण, पण तिच्यातला एक जनुक कर्करोगात बिघडतो तसा मुद्दाम बिघडवलेला. या पेशींना भिंत नसते. एरवी त्या बशीच्या तळाला पसरून, चपट्या होऊन पडलेल्या असतात. पण दोन व्हायची वेळ आली की काय होतं बघा. पेशी तळावरचे हातपाय सोडते, अंग गोळा करते आणि उठून गोल होते. नुसती गोल नाही, कडकही होते. आत गुणसूत्रांची, म्हणजे आईबापांकडून आलेल्या शिदोरीची, अगदी सारखी वाटणी करायची असते. त्या वाटणीला उंच, ऐसपैस जागा लागते. वाटणी झाली की मधे आवळून पेशी दोन होते आणि दोघी पुन्हा पसरतात. सगळा कारभार तासाभराचा. मी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा केळीची सगळी वर्षं विसरलो.

आता चारुलताचा प्रश्न ऐका. कर्करोगाची गाठ हाताला कडक लागते. पण त्या गाठीतली एकटी पेशी चाचपून बघितली, तर ती पुष्कळदा निरोगी पेशीपेक्षा मऊच निघते. आता गाठीत गर्दी असते, चहूबाजूंनी दाब असतो. मग ही मऊ पेशी त्या दाबाखाली गोल कशी होते आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार कशी होत जाते? चारुलताचं म्हणणं असं, की ती एरवी मऊ असली तरी नेमकी दोन होताना निरोगी पेशीपेक्षा जास्त कडक होते आणि वरचा दाब उचलून धरते. जगात इतरत्रही काहींना तसं दिसलं होतं. तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी आणि पुढचा प्रश्न विचारता येईल इतक्या खात्रीने बघायचं होतं.

पेशींवर दाब द्यायला ती एक पारदर्शक चकती करायची. समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली पूड पाण्यात उकळायची, ओतायची आणि थंड झाली की जेलीसारखी गोठते, त्यातून चकती कापायची. ती पेशींवर अलगद ठेवली की पेशी खाली दबतात. चकती जितकी मऊ तितका दाब कमी, जितकी कडक तितका जास्त. जानेवारीत तिने पहिल्यांदा हा प्रयोग केला. चकतीखाली निरोगी पेशी गोल होऊ शकली नाही. तिची वाटणी विस्कटली, तास तास ती तशीच अडकून राहिली. बिघडलेल्या जनुकाच्या पेशीने मात्र चकती उचलली आणि ती दोन झाली. असं दोनदा दिसलं. चारुलताने टाळी वाजवली. हितेंद्रसर म्हणाले, "दोन म्हणजे योगायोग झाला. मला वीस दाखव."

नव्या पेशी वाढवून तयार होईपर्यंत मार्च लागला आणि दिसायचं बंद झालं.

मार्चमध्ये नाही, एप्रिलमध्ये नाही. चकती ठेवली की निरोगी पेशीही चिरडायची आणि दुसरीही चिरडायची. फरकच उरला नाही. बाहेर पारा चव्वेचाळीसवर गेला. पेशींना सदतीस अंश लागतात. थंड मुलखात म्हणे पेशी ऊब देऊन जगवाव्या लागतात. आमच्याकडे उलटंच. माझ्याभोवती प्लास्टिकची पेटी करून तीत बर्फाच्या बाटल्या ठेवाव्या लागत. कूलर लावला की मी थरथरायचो आणि चित्र हलायचं, म्हणून तोही बंद. चारुलता ओढणीने घाम पुसत तासन्‌तास पडद्याकडे बघत बसायची आणि वहीत एकच शब्द लिहायची. नाही. नाही. नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात हितेंद्रसर स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. ते कठोर माणूस नव्हेत. त्यांना बोलायला जड जात होतं.

"चारुलता, एकतीस तारखेला समितीपुढे जायचंय. तोवर दिसलं नाही, तर विषय बदलू. जानेवारीतलं कदाचित आपलंच काहीतरी चुकलं असेल."

"सर, साडेतीन वर्षं झालीत."

"माहीत आहे मला. म्हणूनच आत्ता सांगतोय."

ते गेल्यावर ती माझ्या डोळ्याला डोळा लावून बसली. बशीत काही नव्हतं. ती नुसतीच बसली होती. मित्रांनो, मला एक गोष्ट ठाऊक होती. जानेवारीतल्या चकत्यांमधून दिव्याचा उजेड स्वच्छ यायचा. आताच्या चकत्यांमधून येताना तो सुरकुतायचा. मी रोज बघत होतो. पण मला डोळा आहे, तोंड नाही. त्या दिवशी मला स्वतःचा फार राग आला.

आता भिकुबाईंची ओळख करून देतो. त्या आमच्या मजल्यावर झाडलोट करतात, अकरा वर्षांपासून. पन्नाशीच्या, कमरेला पदर खोचलेल्या, बोलायला फटकळ, आणि बोलतात ती आमची खानदेशी अहिराणी. लगीनसराईत त्या लोकांकडे मांडे करायला जातात. खानदेशात पुरणाचे मांडे उलट्या खापरावर भाजतात. मऊसूत भिजवलेल्या पिठाचा उंडा पुरण भरून दोन्ही हातांवर फिरवत फिरवत कोपरापर्यंत ताणायचा आणि खापरावर टाकायचा. भिकुबाईंचा मांडा फाटला असं अख्ख्या पंचक्रोशीत कोणी सांगणार नाही, असं त्या स्वतःच सांगतात.

एकोणीस मेच्या दुपारी भिकुबाई फडकं मारायला आल्या. टेबलावर पंख्याखाली चारुलताच्या चकत्या उघड्या ठेवलेल्या होत्या. भिकुबाईंनी वाकून बघितलं आणि एका चकतीला बोट लावलं.

"अक्का!" चारुलता ओरडली. "हात काब्रं लावा? बठ्ठं वाया गयं ना!"

हात का लावला, सगळं वाया गेलं, असा इतक्या दिवसांचा राग त्या बिचारीवर निघाला. भिकुबाई मागे सरकल्या, पण गप्प बसतील तर त्या भिकुबाई कसल्या.

"मी नही घालं वाया, ताई. ते आधीच वाया जायेल शे. वरतीन पापुद्रा धरी लिन्हा त्याले. आम्ही मांडास्ना पीठवर वल्लं फडकं टाकतस. वैशाखमां त् घडीघडी वल्लं करनं पडस. उघडं राह्यनं का पीठ ताठस, आनि मंग मांडा फाटस." असं म्हणून त्यांनी फडकं उचललं आणि त्या निघून गेल्या.

चारुलता वाकून त्या चकतीकडे बघू लागली. मग तिने सुई घेतली आणि चकतीच्या कडेला टोचली. दुधावरची साय निघावी तसा वरचा पातळ थर सुईबरोबर उचलला गेला. खाली चकती मऊ होती, पण तो थर चिवट आणि कडक होता. तिने दुसरी बघितली, तिसरी बघितली. सगळ्यांना तेच. मग तिने जानेवारीची वही काढली. तेव्हा खोलीत एकवीस अंश होते आणि चकती अर्ध्या तासात गोठली होती. परदेशातल्या कृतीत लिहिलं होतं, खोलीच्या तापमानाला गोठू द्या. तिने तेच केलं होतं. पण धुळ्याची ही खोली मार्चपासूनच तापते, मेमध्ये चाळीस-बेचाळीस अंशांवर जाते आणि तेवढ्यात ही जेली लवकर गोठतच नाही. म्हणून ती बिचारी तीन-तीन तास पंख्याखाली ठेवत होती. गोठता गोठता ती वाळत होती. तिने पेशींवर ठरवल्यापेक्षा कितीतरी जास्त दाब टाकला होता आणि त्या दाबापुढे कोणाचंच काही चालत नव्हतं.

कृती लिहिणाऱ्याची चूक नव्हती. त्याच्या गावच्या खोल्या थंड असतील. आणि चारुलताचीही चूक म्हणवत नाही, कारण गुरूने, पुस्तकाने सांगितलेलं तसंच्या तसं करायचं, हे तर तिला लहानपणापासून शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिकुबाई आल्या तेव्हा ती दारातच उभी होती.

"अक्का, काल मी चुकनू. तुमले बोलाले नको व्हतं. फडकं कितलं वल्लं ठेवतस, ते सांगा बरं."

भिकुबाईंनी तिच्याकडे जरा रोखून बघितलं. मग हसल्या. "पाणी गळाले नको, आनि वाळाले नको. ते हातले समजस. दखाडस तुले."

आणि त्यांनी दाखवलं. मलमलचं फडकं बुडवायचं कसं, पिळायचं किती, हे पीएच.डी. करणारी मुलगी झाडलोट करणाऱ्या बाईकडून शिकत होती, वहीत लिहून घेत होती. मी इतक्या वर्षांत पुष्कळ हुशार माणसं बघितली. पण स्वतःची चूक इतक्या सरळ मान्य करणारी फार थोडी बघितली. चारुलताने फडकं मोठ्या कुकरसारख्या यंत्रात वाफवून निर्जंतुक केलं, चकत्या बर्फावरच्या बंद डब्यात गोठवल्या आणि डब्यावर ते ओलं फडकं टाकलं. अर्ध्या तासात चकत्या तयार. त्यांतून दिव्याचा उजेड माझ्यापर्यंत स्वच्छ आला.

बावीस मे, दुपारचे सव्वातीन. एका बशीत निरोगी पेशी, दुसऱ्या बशीत तिची बिघडलेली बहीण, दोन्हींवर सारखीच चकती. आधी निरोगी पेशीची वेळ झाली. तिने अंग गोळा केलं, वर उठू बघितलं. चकती हलली नाही. आतली गुणसूत्रं पसरली, रांगेत येईनात. ती झटत राहिली. मला तिची दया आली, आणि तिचं कौतुकही वाटलं, कारण तिने प्रयत्न सोडला नव्हता.

मग चारुलताने दुसरी बशी सरकवली. ती पेशी चकतीखाली पसरून पडली होती, मऊ, लोळ्यागोळ्यासारखी. तीनचौतीसला तिने कडा सोडल्या. कॅमेरा दर दोन मिनिटांनी चित्र घेत होता. ती गोळा होत गेली. तिची कड उजळ झाली, अशी उजळ कड पेशी उंच उठली की दिसते. चकती उचलली जात होती! टाचणीच्या डोक्यावर शेकडो मावतील एवढा तो जीव, आणि तो आपल्या कितीतरी पट जड चकतीला पाठ लावून उठत होता. गुणसूत्रं मधोमध एका ओळीत उभी राहिली. क्षणभर थांबली. दोन्हीकडे सरकली. मग पेशी कमरेत आवळली आणि दोन झाली.

चारुलताने या वेळी टाळी वाजवली नाही. तिने तोंडावर हात ठेवला.

मित्रांनो, मला त्या पेशीचं कौतुक वाटलं, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. वेळेवर मऊ, वेळेवर कडक, केवढी तिची ताकद! पण हीच ताकद माणसाच्या अंगात गाठ वाढवते, हेही मला कळत होतं. जिची वाहवा करावी तीच वैरीण, असला पेच केळीच्या पेशींनी मला कधी घातला नव्हता.

तीस मेपर्यंत तिने बिघडलेल्या जातीच्या तेवीस पेशी बघितल्या. एकोणिसांनी चकती उचलली. शेवटच्या दोन दिवसांत तिने एका बशीत थोडं रसायन टाकलं, पेशीचं कडक होणं रोखणारं. त्या बशीतली कर्करोगाची पेशी निरोगी पेशीसारखीच अडकली. हे काही औषध नव्हे. ते रसायन माणसाला देता येत नाही, निरोगी पेशींनाही ते बाधतं. अजून फार काम आहे आणि ते कदाचित चारुलताच्या हातून होणारही नाही. पण प्रश्नाला दार आहे एवढं दिसलं.

हितेंद्रसरांनी तेवीसच्या तेवीस चित्रफिती एका बैठकीत बघितल्या. मग त्यांनी तिच्या अहवालातलं कृतीचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, 'चकती बर्फावर, ओल्या मलमलच्या फडक्याखाली गोठवली. ही रीत श्रीमती भिकुबाई यांनी सुचवली.' सरांनी चष्मा काढला.

"समितीत कोणीतरी विचारेल, या भिकुबाई कोण म्हणून."

"मी सांगेन, सर."

सरांनी पेन घेतलं. मला वाटलं, ओळ खोडणार. त्यांनी खाली सही केली. विषय बदलायचा नव्हता.

एकतीस तारखेला समितीहून आल्यावर चारुलता आधी भिकुबाईंना शोधायला गेली. त्या जिना पुसत होत्या. हात धरून तिने त्यांना माझ्यापुढे आणून बसवलं. अकरा वर्षं त्यांनी या मजल्यावरची धूळ झटकली होती, पण माझ्यात बघ असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. बशीत एक पेशी नुकतीच गोल होत होती.

"हाई का ती?" भिकुबाईंनी विचारलं.

"हा, अक्का. हाईच ती."

त्या बघत राहिल्या. पेशी उठली, चकती उचलली, आवळली आणि दोन झाली. 

"मन्ही जाऊले हाऊच रोग व्हता," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "मी समजू, रोग म्हंजे काहीतरी मोठा राक्षस ऱ्हाई. हाई त् इतलीशी शे. आनि येळ वनी का कशी ताठ व्हयनी, मेली!" मग त्यांनी विचारलं, "इनी खोड सापडनी ना तुले?"

"एक सापडनी, अक्का. आजून बऱ्याच शेतस."

"मंग दखत ऱ्हाय," भिकुबाई म्हणाल्या.

त्या उठल्या तेव्हा माझं बघायचं भिंग ओलं झालं होतं. त्यांनी कमरेचा पदर सोडला आणि ते पुसलं. मित्रांनो, भिंग पदराने कधी पुसू नये. त्याने चरे पडतात. त्यासाठी मऊ कागद असतो. पुसून झालं की झाकण घालावं आणि पावसाळ्यात कोरड्या जागी ठेवावं. तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊ कपाटात पडून असेल, तर त्याच्यासाठी एवढं नक्की करा. भिकुबाईंच्या पदराने माझ्या भिंगावर एक बारीक चरा उठला आहे. चारुलताला तो दिसतो. ती भिंग बदलत नाही आणि मीही बदल म्हणत नाही.